पहाडी नदीतल्या ट्राउटसाठी पहिल्या सहा माश्या

हिमाचलातल्या तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल किंवा किन्नौरमधील बास्पा अशा एखाद्या नदीवर पहिल्यांदाच फ्लाय रॉड ही मासेमारीची लवचीक काठी घेऊन जाणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला प्रश्न कास्ट, म्हणजे रॉडने दोराची फेक, कसा टाकायचा हा, आणि त्याचे उत्तर वाचून मिळत नाही. ते मनगटालाच शिकावे लागते. दुसरा प्रश्न डबीत कोणत्या माश्या ठेवायच्या हा. त्याचे उत्तर घरबसल्या देता येते, आणि ते बहुतेकांना वाटते त्याहून बरेच लहान आहे. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस, लोकर आणि तार बांधून केलेली किड्याची नक्कल. आपल्याकडचे हौशी लोक तिला इंग्रजी नावानेच हाक मारतात, पण येथे मी तिला माशीच म्हणणार आहे.

माझी पहिली डबी ऑनलाइन मागवलेली होती. तिच्यात शंभर माश्या होत्या, चाळीसएक प्रकार होते, निळे-जांभळे झगमगीत रंग होते, आणि किंमत इतकी कमी होती की तेव्हाच शंका यायला हवी होती. तीर्थनच्या काठी तिसऱ्याच कास्टला एका माशीचे पीस सुटून लोंबू लागले आणि दुपारी जो एकच बरा मासा लागला त्याने गळ चक्क सरळ करून टाकला. माशी शिंकली होती ती नदीवर नव्हे, खरेदीच्या वेळीच. त्याहून मोठे नुकसान वेगळे होते. त्या दिवशी मी एकोणीस वेळा माशी बदलली, म्हणजे जवळजवळ अर्धा दिवस ती पाण्यात नसून माझ्या बोटांत होती.

ट्राउट हा मुळात आपल्याकडचा मासा नाही. स्कॉटलंडहून आणलेली तपकिरी ट्राउटची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये रुजली आणि १९०९ च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याच्या खटपटीने हा मासा कुल्लूच्या खोऱ्यात आला. त्याला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसमध्ये तो जोमाने खातो आणि पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचा जीव कासावीस होतो. सह्याद्रीतल्या ओढ्यांत तो नसण्याचे कारण हेच आहे. हिमालयात मात्र त्याला पाणीही ओळखीचे मिळाले आणि खाद्यही, कारण दगडाखाली राहणाऱ्या मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या तिन्ही गटांतले किडे तेथे आधीपासून होते. म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेतल्या नद्यांवर घासूनपुसून सिद्ध झालेल्या माश्या कुल्लूतही चालतात आणि ‘खास हिमालयासाठी’ अशी पाटी लावलेल्या महागड्या संचाची गरज पडत नाही.

माशी निवडण्याचे तत्त्व पाण्याच्या स्वभावातून निघते. दक्षिण इंग्लंडमधल्या संथ, काचेसारख्या नद्यांत मासा माशीखाली येऊन तिला न्याहाळत बसू शकतो. पहाडी नदीत त्याला ती चैन परवडत नाही. पाणी उतारावरून धावत असते, खाद्य बेताचे असते, आणि दगडाआडून दिसलेला घास एका-दोन सेकंदांत घेतला नाही तर तो पुढच्या खडकापाशी पोहोचलेला असतो. अशा माशाला माशीच्या पायांचा रंग तपासायला सवड नसते. त्याला ती त्याच्या पातळीवर, योग्य आकाराची आणि पाण्याच्याच वेगाने वाहत येताना दिसली पाहिजे. त्यामुळे आधी पातळी, मग आकार, मग ठेवण आणि सर्वांत शेवटी रंग या क्रमाने विचार करावा. नवशिका बरोबर उलट्या क्रमाने खरेदी करतो, कारण दुकानातल्या काचेतून डोळ्यांत भरतो तो रंगच.

आकार गळाच्या नंबरावरून कळतो. शिवणाच्या सुयांप्रमाणे येथेही नंबर जितका मोठा तितका गळ लहान. १४ नंबरच्या गळावरील माशीचे अंग बासमतीच्या दाण्याएवढे भरते आणि १८ नंबरचे आंबेमोहोराच्या. पहाडी नदीवरचा बहुतेक व्यवहार १२ ते १६ या नंबरांत आटोपतो.

खरेदीला निघण्यापूर्वी शक्य असेल तर, आणि नदीवर पोहोचल्यावर तर नक्कीच, एक दगड उचलून पाहावा. घोट्याएवढ्या, वाहत्या पाण्यातला नारळाएवढा दगड सावकाश उलटा करून सावलीत धरायचा. प्रथम काहीच दिसत नाही. मग ओल्या पृष्ठभागावर एक चपटी, शेवाळी रंगाची चकती सरकते, जणू दगडाचाच तुकडा चालायला लागला आहे. तिच्या पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले फडफडत असतात आणि मागे केसासारख्या शेपट्या असतात, बहुधा तीन, काही जातींत दोन. हे मेफ्लायचे पिल्लू, म्हणजे निम्फ. शेजारी जरा दणकट, पिवळसर-तपकिरी, दोनच शेपट्यांचा आणि पोटाच्या कडांना कल्ले नसलेला किडा तुरुतुरु पळताना दिसला तर तो स्टोनफ्लायचा. आणि दगडाच्या खालच्या बाजूला बारीक वाळूच्या कणांची, शिंप्याच्या टोपणापेक्षाही लहान नळी चिकटलेली असेल तर तिच्या आत कॅडिसची अळी बसलेली आहे. सर्वांत जास्त कोण आहे, किती मोठे आहे आणि गडद आहे की फिकट, एवढेच लक्षात ठेवायचे आणि दगड होता तसा परत ठेवायचा. दोन-तीन दगड पाहण्याच्या या पाच मिनिटांनी माझे जेवढे मासे वाढवले तेवढे कोणत्याही नव्या रॉडने वाढवले नाहीत.

आता माश्यांकडे वळू. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन, तळाजवळून जाणाऱ्या दोन, अधल्यामधल्या पाण्यासाठी एक आणि गढूळ पाण्यासाठी एक, अशा सहांत पहिला हंगाम निघतो.

तरंगणाऱ्यांत पहिली निवड एल्क हेअर कॅडिसची. अल ट्रॉथ या अमेरिकन कारागिराने १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात ती बांधली. अंगावर कोंबड्याचे पीस गुंडाळलेले आणि पाठीवर एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या केसांचा उतरत्या छपरासारखा पंख, अशी तिची साधी रचना असते. या केसांत हवा कोंडलेली असल्याने ती फेसाळ पाण्यातही बुडता बुडत नाही, आणि फिकट पंखामुळे ती आपल्याला दिसते. हा दुसरा गुण नवशिक्याला पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, कारण जी माशी दिसत नाही तिच्यावर मासा कधी आला आणि कधी गेला हेही कळत नाही. ती कॅडिससारखी दिसते, लहान स्टोनफ्लाय म्हणूनही खपते, आणि किंचित ओढली गेली तरी फारसे बिघडत नाही, कारण खरा कॅडिसही पाण्यावर धावपळ करतोच. १४ आणि १६ नंबरच्या, पिवळसर-तपकिरी अंगाच्या घ्याव्यात.

दुसरी पॅराशूट ॲडम्स. मूळ ॲडम्स मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलाडे यांनी १९२२ मध्ये बांधली. करड्या अंगाची ती माशी कोणत्याही एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही आणि तिची ताकद त्यातच आहे. पॅराशूट प्रकारात पीस गळाच्या दांड्याभोवती न गुंडाळता एका उभ्या पांढऱ्या तुऱ्याभोवती आडवे गुंडाळतात, त्यामुळे माशी पाण्यात जरा खोल बसते आणि तुरा वर झेंड्यासारखा दिसतो. जेथे धार मोडून पाणी थोडे सपाट होते आणि मासा सावकाश ओठ वर काढून टिपतो, तेथे ही कॅडिसपेक्षा सरस ठरते. १४, १६ आणि थोड्या १८ नंबरच्या असाव्यात.

पण ट्राउट आपले बहुतांश खाणे पाण्याखाली खातो. पृष्ठभागावर काहीच हालचाल नसेल तर तो उपाशी नसतो, तो खाली जेवत असतो. नवशिके लोक तरंगणाऱ्या माशीच्या प्रेमात पडतात, कारण मासा वर येताना पाहणे हे खरोखरच थरारक असते, आणि मग मार्चच्या थंड पाण्यावर सकाळभर तिलाच टाकत राहतात. पाण्याखालच्यांपैकी फेझंट टेल निम्फ ही माझ्या मते सहाही माश्यांची राणी आहे. इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती रचली. त्यांनी दोरा वापरलाच नाही. तांब्याच्या बारीक तारेनेच फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तपकिरी तंतू गळावर बांधले, म्हणजे बांधणीही झाली आणि वजनही आले. पुढे लोकांनी डोक्याशी धातूचा मणी ओवला. पहाडी पाण्यासाठी मणी असलेलीच घ्यावी, आणि त्यातही निम्म्या टंगस्टनच्या मण्याच्या. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड असतो, आणि दोन खडकांमधल्या हातभर लांबीच्या डोहात माशीला तळ गाठायला मिळणारा वेळ एवढा थोडा असतो की हा फरक तेथे उघड दिसतो. नंबर १४ आणि १६.

तिच्या जोडीला हेअर्स इअर, म्हणजे सशाच्या कानाची आणि तोंडाची लव पिंजून केलेली, विस्कटलेली, जाडसर निम्फ. फेझंट टेल जितकी सडपातळ तितकी ही गबाळी, आणि गबाळेपणाच तिचा गुण आहे. पाण्यात तिचे केस हलतात आणि ती जिवंत वाटते. दगडाखाली मोठे स्टोनफ्लाय किंवा कॅडिस दिसले तर १२ किंवा १४ नंबरची हीच बांधावी. लव ओढल्यासारखी दिसली तर ती नवी माशी टाकून देऊ नये. दोन-चार मासे चावून गेलेली हेअर्स इअर नव्यापेक्षा चांगली चालते, असा माझा अनुभव आहे.

पाचवी माशी दुकानदार सहसा सुचवत नाही, कारण ती दिसायला दरिद्री असते. पार्ट्रिज अँड ऑरेंज ही उत्तर इंग्लंडमधल्या परंपरेतली माशी म्हणजे नारिंगी रेशमाचे अंग आणि मानेशी तित्तिराच्या मऊ पिसाचा एकच वेढा. नवशिक्यासाठी ती वरदान आहे, कारण तिला अचूक वाहवावे लागत नाही. प्रवाहाच्या आडवी, जरा खालच्या बाजूला टाकायची, दोर ताणलेला ठेवायचा आणि तिला कमानीत काठाकडे येऊ द्यायचे. मासा स्वतःच येऊन धडकतो. १४ नंबरच्या चार पुरेत.

सहावी वूली बगर. रसेल ब्लेसिंग या पेनसिल्व्हेनियातल्या मासेमाराने १९६७ मध्ये केलेली ही माशी खरे तर माशी नव्हेच. शेपटीला माराबूचे फुलारलेले पीस, अंगभर गुंडाळलेले कोंबड्याचे पीस; ओली झाली की ती जळूसारखी, लहान माशासारखी किंवा मोठ्या अळीसारखी वळवळते. बर्फ वितळून पाणी दुधाळ झाले किंवा वरच्या बाजूला पाऊस पडून गढूळले, की बारीक निम्फ माशाला दिसतच नाही. तेव्हा ८ किंवा १० नंबरची काळी बगर काठालगतच्या संथ पाण्यात हळूहळू, थांबत थांबत ओढावी. मोठा तपकिरी ट्राउट लहान मासे खाणारा असतो आणि त्याची गाठ बहुधा हिच्याशीच पडते.

किती घ्याव्यात याचा माझा हिशेब असा: कॅडिस सहा, ॲडम्स आठ, फेझंट टेल आठ, हेअर्स इअर सहा, पार्ट्रिज चार आणि बगर चार. एकूण तीन डझन. निम्फ जास्त जातात, कारण त्या तळाच्या दगडांत अडकतात. ज्या दिवशी एकही निम्फ गमावली नाही त्या दिवशी त्या पुरेशा खोल गेल्याच नाहीत असे समजावे. प्रकार वाढवण्यापेक्षा याच सहांचे नंबर वाढवणे शहाणपणाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवताळ काठावर जायचे असेल तर फोमची काळी मुंगी दोन-चार घ्यावी, पण ती हौस झाली.

घेताना प्रत्येक माशी हातात घेऊन पाहावी. चिमटीत पीस धरून हलकेच फिरवले आणि सगळा वेढा गळावर फिरला तर ती घेऊ नये. गळाच्या नेढ्यात डिंक किंवा दोरा भरलेला नसावा. नदीवर थंडीने बोटे आखडलेली असताना त्यात टिपेट, म्हणजे दोराचे शेवटचे बारीक टोक, ओवणे हा छळ असतो. गळाचे टोक बुचात रुतवून किंचित ओढावे. वाकला आणि वाकलेलाच राहिला तर तो लोखंडाचा तुकडा आहे, गळ नव्हे. तरंगणाऱ्या साध्या माशीचे पीस गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या, साधारण दीडपट लांब असावे. टोकाजवळचा उलटा काटा नसलेले गळ मिळाले तर तेच घ्यावेत, नाहीतर पक्कडीने काटा दाबून टाकावा. मासा सोडून देणे सोपे जाते, आणि वाऱ्याने माशी स्वतःच्याच कानात रुतली तर डॉक्टरकडे जावे लागत नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. ब्रिटनमधल्या जुन्या, शोभिवंत माश्यांत गालाशी मेणाचा थेंब पडल्यासारखे चकचकीत ठिपक्यांचे पीस दिसते. ते आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. माशीच्या हौसेपायी या पक्ष्याचा मोठा व्यापार झाला. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. वरच्या सहांपैकी एकीलाही त्याचे पीस लागत नाही, आणि कोणी ‘जुन्या साठ्यातले’ म्हणून दाखवले तरी घेऊ नये.

नदीवर उभे राहिल्यावर निवड कशी करायची? आधी दहा मिनिटे काठापासून चार पावले मागे बसावे. पाणी उडवत मासा येत असेल तर कॅडिस बांधावी. शांत वर्तुळे उठत असतील तर ॲडम्स. पाठ किंवा शेपटी दिसते पण तोंड पृष्ठभागाबाहेर येत नाही, असे असेल तर तो वर येणारे किडे पाण्याच्या कातडीखालीच टिपतो आहे. तेथे पार्ट्रिज उतरवावी. काहीच दिसत नसेल तर निम्फ. मन दोन्हीकडे ओढत असेल तर कॅडिसच्या गळाला अर्धा मीटर टिपेट बांधून खाली १६ नंबरची, पितळी मण्याची फेझंट टेल सोडता येते. वरची माशी तेव्हा बुचाचे काम करते, ती थबकली किंवा बुडाली की रॉड उचलायचा. मात्र एका दोराला किती गळ चालतात हे परवान्यावरच्या अटींत आधी वाचून घ्यावे. वीस चांगल्या फेऱ्यांत मासा आला नाही तर माशी बदलण्याऐवजी आधी तिची खोली बदलावी, मग नंबर, आणि तरीही काही झाले नाही तर जागा. माशी बदलणे हा शेवटचा उपाय.

टिपेट माशीला शोभेल असे असावे. गळाच्या नंबराला तीनने भागले की टिपेटचा नंबर मिळतो: १४ नंबरच्या माशीला ५एक्स, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर, आणि ८ नंबरच्या बगरला ३एक्स, म्हणजे सुमारे ०.२० मिलिमीटर. जाड टिपेटवर लहान माशी काठीला बांधलेल्या पतंगासारखी वागते, आणि तिच्यामागे पाण्यात बारीकशी रेघ उठू लागली की तेथला मासा त्या दिवसापुरता गेलाच.

हंगामाचा परिणाम माशीवर होतो तो एवढाच. हिमाचलात ट्राउटसाठी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण ते दिवस विणीचे. काश्मीरचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. मार्चमध्ये पाणी बोचरे थंड असते, तेव्हा ऊन वर आल्यावर जड निम्फ तळाशी फिरवावी. एप्रिलच्या दुपारी किडे उडू लागले की तरंगणाऱ्या माश्यांचे दिवस येतात. मेच्या उत्तरार्धापासून बर्फाचे आणि पुढे पावसाचे पाणी येते, तेव्हा बगर काढावी आणि मोठ्या नदीऐवजी तिला मिळणाऱ्या स्वच्छ नाल्यांकडे वळावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी उतरून निवळते आणि मासे सावध होतात. त्या दिवसांत एक नंबर लहान माशी आणि एक नंबर बारीक टिपेट वापरावे.

तरंगणाऱ्या माशीला पहिल्या कास्टआधी तरंगमलम लावावे, मुगाच्या दाण्याएवढे पुरते. पार्ट्रिज आणि निम्फला चुकूनही लावू नये. मासा सोडल्यावर माशीवरचा चिकट बुळबुळीतपणा पाण्यात खंगाळून, रुमालाने टिपून, माशी पाण्याला न टेकवता दोन-तीन कोरडे कास्ट मारावेत. विमानाने जाणाऱ्यांनी माश्यांची डबी चेक-इन सामानात टाकावी. संध्याकाळी मुक्कामावर डबी उघडी ठेवावी, कारण एका ओल्या माशीने सगळ्या गळांना गंज चढतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांचे खरे संकट पावसाळ्यात येते: लोकरीच्या कपड्यांना लागते तशी कसर पिसांनाही लागते, आणि ऑगस्टमध्ये डबी उघडावी तर ॲडम्सच्या जागी नुसता गळ असतो. डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ती हवाबंद डब्यात, डांबराच्या एका गोळीसह ठेवावी. निघण्याच्या आठवडाभर आधी तिला वारा लागू द्यावा, आणि त्याच वेळी प्रत्येक गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावे. जे रुतते ते ठेवावे, जे घसरते ते कानशीवर घासावे किंवा बाजूला काढावे.